ठमीचं ऑपरेशन, तिची पॉलिसी आणि माझे अकरा हजार

"मॅडम, तुमचा रजिस्टर्ड मोबाइल नंबर ७२ ने संपतो ना?"

हेल्पलाइनवरच्या मुलीने विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. माझा नंबर ७२ ने संपत नाही. आमच्या घरात कुणाचाच संपत नाही. ठमीच्या ऑपरेशनची बिलं मांडीवर घेऊन मी क्लेम करायला बसले होते, आणि ज्या पॉलिसीवर माझं नाव होतं तिच्यावर फोन नंबर आणि ईमेल भलत्याचाच होता.

ठमी आमची लॅब्रेडॉर, सहा वर्षांची. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. गेल्या वर्षी १० जूनला वटपौर्णिमा होती. वाणात आलेले आंबे रात्री घरात कापले, आणि कोयींचं ताट ओट्याच्या कडेला राहिलं. दुसऱ्या दिवशी ठमीला उलट्या सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, उन्हाचं असेल. तिसऱ्या दिवशी तिने पाणीही टिकू दिलं नाही, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेमध्ये काही कळेना. कोय त्यात हाडासारखी ठळक दिसत नाही. सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली दिसली. त्याच रात्री ऑपरेशन, मग चार दिवस सलाइन. बिल झालं ३८,४०० रुपये. डॉक्टरांनी ती कोय एका छोट्या डबीत घालून माझ्या हातात दिली. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना हात जोडून सांगते, आंब्याच्या दिवसांत कोयी झाकणाच्या डब्यातच टाका.

बिल भरताना मनात धीर होता, कारण पॉलिसी होती. जानेवारीतच काढली होती. ठमीला ग्रूमिंगला नेलं होतं, तिथे एक मुलगा टेबल मांडून बसला होता. बोलायला अगदी घरचा. "ताई, अ‍ॅडमिट केलं, ऑपरेशन झालं, औषधं लागली, सगळं कव्हर. पन्नास हजारांपर्यंत." प्रीमियम ८,५०० सांगितला. कंपनीची लिंक आज चालत नाही म्हणाला, म्हणून मी पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर टाकले. फॉर्मवर पेन्सिलने तीन फुल्या मारल्या होत्या, तिथे सह्या केल्या. बाकी फॉर्म कोरा. "तुमचा वेळ कशाला घालवू, मी भरतो नंतर." ठमीचं वय सांगितलं, दोन वर्षांपूर्वी तिला गोचीड ताप येऊन गेलाय तेही सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग त्याने ठमीचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले. आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान आलं: वर कंपनीचं नाव, खाली माझं नाव, कोपऱ्यात ठमीचा फोटो. तो फोटो बघून मी इतकी खूश झाले की हे एकच पान का, बाकीची कुठे आहेत, हे मी विचारलंच नाही.

ओळखपत्रं देऊन नंबर आणि ईमेल बदलून घ्यायला चार दिवस गेले. मग पूर्ण पॉलिसी आली, अकरा पानी. तिसऱ्या पानावर तक्ता होता. मृत्यू: ४०,००० रुपये. चोरीला जाणे किंवा हरवणे: तेवढेच. शस्त्रक्रिया व दवाखान्याचा खर्च: निवडलेला नाही. भरलेला प्रीमियम: २,९४० रुपये. ठमीचं वय: तीन. पूर्वीचा आजार: नाही.

म्हणजे पॉलिसी खोटी नव्हती, हे नीट समजून घ्या. कंपनी खरी, पॉलिसी नंबर खरा. पाळीव प्राण्यांच्या काही पॉलिसींमध्ये मुळात मृत्यूचं कव्हर असतं आणि ऑपरेशन, दवाखाना, चोरी, कुणाला चावल्यास येणारी जबाबदारी हे भाग वेगळे घ्यावे लागतात, प्रत्येकाचे पैसे वेगळे. त्याने स्वस्तातली पॉलिसी काढली, वरचे ५,५६० रुपये खिशात घातले आणि कागद माझ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून स्वतःचा नंबर घातला. वय कमी लिहिलं, आजार लपवला. उद्या ऑपरेशनचं कव्हर असतं तरी या दोन ओळींवर कंपनी क्लेम नाकारू शकली असती, आणि त्याखाली सही माझी. फसवणूक क्लेमच्या दिवशी झाली नाही. कोऱ्या फॉर्मवर मी सही केली, त्या दिवशीच झाली.

त्याला फोन लावला. आवाजात जरासुद्धा फरक नाही. "होतं ताई असं, सिस्टीममध्ये चूक झाली असेल. फाइल माझ्याकडे द्या, वर बोलून पास करून घेतो. सेटलमेंट चार्ज अडीच हजार लागेल." आणि मी दिले. एकदा फसल्यावर पुन्हा त्याच माणसाला पैसे दिले, कारण ३८ हजार अडकलेत म्हटल्यावर माणूस कुठल्याही फांदीला हात घालतो. क्लेमसाठी कंपनी असा चार्ज घेत नाही. कुणी मागितला तर तिथेच थांबा.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, एक मार्ग आहे. कुत्री गेली असं दाखवू. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, पोस्टमॉर्टेमचं मी बघतो. चाळीस हजार येतील, दहा माझे."

ठमी तेव्हा माझ्या पायाशी झोपली होती. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर, पोटावर टाके. श्वास घेताना कॉलर फरशीला घासत होती. मी फोन कापला. हात थरथरत होते. पैशांचं दुःख होतंच, पण माझ्या जित्या कुत्रीला कागदावर मारायला तो मला सांगतो, आणि मी हो म्हणेन असं त्याला वाटतं, हे मला आजही सहन होत नाही. शिवाय ते केलं असतं तर गुन्हेगार मी झाले असते, आणि डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन धोक्यात आलं असतं.

त्यानंतर मात्र सगळं लेखी केलं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल: यूपीआयचे स्क्रीनशॉट, त्याचे मेसेज, ते एक पान आणि पूर्ण पॉलिसी. बारा दिवसांनी उत्तर आलं. कव्हर घेतलेलंच नाही, त्यामुळे क्लेम देता येत नाही. आणि पॉलिसीवरचा एजंट कोड, म्हणजे कंपनीने एजंटला दिलेला ओळख नंबर, दुसऱ्याच व्यक्तीचा आहे. दुसऱ्याच्या कोडवर हा मुलगा पॉलिसी विकत होता. मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली. १५५२५५ या नंबरवर फोन करूनही नोंदवता येते. पोलिसांत अर्ज दिला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मी इथे उशीर केला.

आता प्रकरण पुण्याला विमा लोकपालांकडे आहे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. नाशिककरांना तेच कार्यालय लागू होतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ती फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. माझं मागणं ३८ हजारांचं नाही. कव्हर नव्हतं ते नव्हतं. पण ज्याच्या कोडवर हे चाललं आणि ज्या कंपनीने तो कोड दिला, त्यांनी वरचे ५,५६० परत करावेत आणि त्या मुलाचं टेबल उठावं.

माझ्या ओळखीत ज्यांच्याकडे कुत्री-मांजरी आहेत त्या सगळ्यांना मी फोन करून एवढंच सांगितलं: पॉलिसी असेल तर आजच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि विचारा, माझा नोंदवलेला नंबर कोणता, ऑपरेशनचं कव्हर आहे का, वय काय लिहिलंय. नवी घेत असाल तर पैसे थेट कंपनीच्या खात्यात, आणि भरलेल्या फॉर्मचा प्रत्येक पानाचा फोटो सही करण्याआधी तुमच्या मोबाइलमध्ये. एजंटने घेतलेला प्रीमियम त्याने २४ तासांत कंपनीकडे पोचवायचा असा कायदा आहे, पण ते तपासत बसण्यापेक्षा त्याच्या हातात देऊच नका. पाच जणांनी फोन लावला. महात्मानगरच्या एका मैत्रिणीच्या पॉलिसीवरही ७२ ने संपणारा नंबर निघाला. आता पुण्याच्या फाइलला तिचे कागदही जोडायचे आहेत.