केमोनंतरचा ताप: जिभेखालचा थर्मामीटर की कपाळावरची गन?

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. जंतुसंसर्ग झाला तरी अनेकदा पू नाही, सूज नाही. दिसतो तो फक्त ताप.

कपाळासमोर धरून ताप मोजणारी गन सोयीची, झोपलेल्याला उठवावं लागत नाही. पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि बहुतेक गन ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठीच बनलेल्या असतात. उन्हातून आलेलं कपाळ जास्त दाखवतं, कुलरसमोरचं घामेजलेलं कमी. हे कमी दाखवणंच घातक.

साधा डिजिटल थर्मामीटर हळू, पण भरवशाचा. जिभेखाली ठेवून तोंड मिटायचं, बीप होईपर्यंत. चहा किंवा माठातलं पाणी प्यायल्यावर अर्धा तास थांबा. तोंड आलं असेल तर घाम पुसून काखेत. तिथे आकडा अर्धा-एक अंश फॅरनहाइट कमी येतो. गुदद्वारात मात्र कधीच नाही, जखमेतून जंतू शिरतात.

एकदाच १०१ आला, किंवा १००.४ तासभर टिकला, की मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन करून निघा. त्याआधी पॅरासिटामॉल नको, ताप झाकला जातो. स्टेरॉइडही तेच करतं. ते चालू असताना हुडहुडी भरली, तर आकड्याची वाट पाहू नका.

गन ठेवाच म्हणाल तर रात्री झटपट अंदाज घेण्यापुरती. वहीत आकडा लिहायचा तो थर्मामीटरचा, वेळेसकट.