चकचकीत पुंगळ्या आणि गेलेले १६० डॉलर

मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे ५००/४६५ नायट्रो एक्स्प्रेसची जुनी दुनळी रायफल आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या (नळीच्या भोकाचं माप) बंदुकांवर बंदी घातली, तेव्हा हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश बंदूक कंपनीने त्याच्या जागी काढलेलं हे काडतूस. कायनॉक या ब्रिटिश काडतूस कंपनीने १९६० च्या दशकात असली काडतुसं बनवणं थांबवलं. आज नवी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मिळते, पण फार महाग. म्हणून घरी पुन्हा भरायला आम्ही जुन्यांच्या शोधात असतो आणि तिथेच फसतो. (इथे काडतूस घरी भरणं कायद्यात बसतं. भारतात परवान्याशिवाय या वाटेला जाऊ नका.)

एकाने २० पुंगळ्या विकायला काढल्या. "वडिलांच्या पेटीतल्या, एकदाही न उडवलेल्या." किंमत १६० डॉलर. फोनवर तो वडिलांबद्दल इतक्या मायेने बोलला की मी पैसे थेट त्याच्या खात्यात टाकले. तिथेच चुकलं. असे दिलेले पैसे परत मागायला जागा उरत नाही.

पार्सल आलं. दिव्याखाली एक पुंगळी उलटी धरली. जुन्या बर्डन पद्धतीत टोपीच्या (आघाताने पेटून दारू पेटवते ती) खळग्यात दोन बारीक भोकं असतात. एका भोकात अक्रोडाच्या कवचाचा भुगा अडकला होता, पॉलिशच्या ड्रममध्ये घालतात तो. टाचणीने उकरला, तर मागून काजळी आली. न उडवलेल्या पुंगळीत काजळी कुठून येणार?

काजळीचं सोडा, मला भीती वाटली ती पाऱ्याची. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट हे स्फोटक असायचं. काडतूस उडालं की तो पारा पितळेत मुरतो आणि पितळ ठिसूळ होतं. वरून काही दिसत नाही, घासून जात नाही. मी एकीचं तोंड पकडीत दाबलं. चांगलं पितळ चेपतं. हे बिस्किटासारखं कडकन तुटलं. आणखी तीन घेतल्या, तेच. अशी पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या काडतूस बसतं त्या खोबणीत) फाटली तर जळता वायू मागे येतो, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर.

फोटो पाठवले. "मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. कळत नव्हतं तर "न उडवलेल्या" कशाच्या जोरावर लिहिलं? ड्रममध्ये कुणी फिरवल्या?

जुन्या पुंगळ्या घेताना टोपीच्या खळग्याचा जवळून काढलेला फोटो मागाच. फार चकाकत असतील तर पॉलिश कशासाठी केली ते विचारा. डागाळलेली परवडली.

उरलेल्या १६ मी हातोड्याने चेचून भंगारात टाकल्या. त्या आणखी कुणाच्या रायफलीत जायला नकोत.