सीताखाई की तुंगी: एकाच दिवसाची सवड असेल तर

धुळे, साक्री, शिरपूर या भागातल्या माणसाला पहाटे निघून रात्री घरी परतायचे असेल आणि निसर्गाने घडवलेला खडक हेच मुख्य आकर्षण असेल, तर बहुधा दोन नावे समोर येतात: तोरणमाळच्या पठारावरची सीताखाई आणि बागलाणातल्या मांगी-तुंगी या जोडीतला तुंगीचा सुळका. शहादा-म्हसावदवरून चढणारा घाट आणि पिंपळनेरहून शेलबारी ओलांडून ताहाराबादला जाणारा रस्ता हे दोन्ही वाचकांच्या परिचयाचे असल्यामुळे त्यांबद्दल लिहीत नाही. दोन्ही ठिकाणी मी तीन-तीन वेळा गेलो आहे आणि पुढील मत त्या सहा फेऱ्यांवरच आधारलेले आहे.

मुळात दोन्हीकडचा दगड एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा काळा कातळ. सीताखाईत वाहत्या पाण्याने हे थर कापत नेले आणि पठाराला खोल चीर पडली. तुंगीला उलट घडले: आजूबाजूचे सारे झिजून गेले आणि मधला टणक भाग तेवढा उभा राहिला. म्हणजे एकीकडे आपण पोकळी पाहायला जातो आणि दुसरीकडे भरीव शिळा. हा फरक पहिल्या भेटीत मला किरकोळ वाटला होता, पण माझी निवड शेवटी त्यावरच ठरली.

तोरणमाळच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवरचे ते मोकळे पठार, यशवंत तलावावरून येणारा गार वारा आणि गाडीतून उतरल्यावर थोडक्या पावलांत लागणारा दरीचा काठ ही सोय तुंगीला नाही. धुळ्यात मे महिन्यात अंगाची लाही होत असते तेव्हा तिथली संध्याकाळ किती सुखावते, हे खानदेशी माणसाला वेगळे सांगायला नको.

अडचण आहे ती धुक्याची. पहिल्यांदा आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, कारण सीताखाईत कोसळणारा धबधबा पावसाळ्यातच पाहावा असे सर्वांनी सांगितले होते. काठावर पोहोचलो तेव्हा समोर धुवट पांढऱ्या चादरीखेरीज काहीही नव्हते. पाणी पडल्याचा घनगंभीर आवाज येत होता, हाताखालचा लोखंडी कठडा ओला गार लागत होता, चष्म्याच्या काचा पुसल्या की पुन्हा भरत होत्या, आणि खाली किती खोल आहे याचा अंदाज केवळ कानांनी घ्यावा लागत होता. कणसे भाजणाऱ्या बाईंनी ‘थोडं थांबा, वारा सुटला की दिसतं’ असा धीर दिला, म्हणून आम्ही दोन तास थांबलो. एकदाच, फार तर मिनिटभर, पडदा विरळ झाला आणि समोरच्या कड्याचे तीन-चार आडवे पट्टे दिसले. मुलाने मोबाइल बाहेर काढेपर्यंत ते पुन्हा झाकले गेले आणि अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून आम्हाला निघावे लागले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये हाच प्रकार घडला. तापीच्या खोऱ्यातून सातपुड्याला भिडणारा ओला वारा वर चढताना थंडावतो आणि पठारावर ढग टेकतो, त्यामुळे यात कोणाचा दोष नाही. तिसऱ्यांदा आम्ही शहाणपणाने जानेवारीत गेलो. तेव्हा दरी तळापर्यंत लख्ख दिसली, पण पाणी नव्हते. पाणी असते तेव्हा दिसत नाही आणि दिसते तेव्हा पाणी नसते, असा माझ्यापुरता तरी अनुभव आहे. आपले नशीब अधिक चांगले असू शकेल आणि सप्टेंबरअखेरीस दोन्ही गोष्टी साधल्याचे सांगणारे एक स्नेही मला भेटलेही आहेत.

तुंगीचा त्रास निराळा आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. पायऱ्या ३५००च्या आसपास आहेत, त्यांची उंची सारखी नाही आणि उतरताना गुडघे बोलू लागतात. ऊन चढल्यावर सावली जवळपास मिळत नाही. तरीही श्रावणात आम्ही मांगी आणि तुंगी यांच्यामधल्या खिंडीत पोहोचलो आणि ढगांनी गाठले, तेव्हा निराशा झाली नाही. साल्हेर-मुल्हेरकडचा देखावा गेला खरा, पण सुळका हाताशीच होता. त्याच्या पायथ्याला धरून जाणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेवर मी तळहात कातळाला लावूनच चाललो. एका थराच्या सांध्यातून पाणी झिरपत होते आणि त्या ओळीत बोटभर उंचीचे नेचे उगवले होते. त्याच्या वरचा थर मात्र कोरडा, खरखरीत आणि गोल करड्या डागांनी भरलेला होता. मान वर केली तर भिंत ढगात शिरलेली दिसे, आणि शेंडा न दिसल्यामुळे ती उलट अधिकच उंच वाटे. सीताखाईत ढगाने सर्वस्व हिरावले होते, इथे त्याने फार थोडे नेले. दिगंबर जैनांचे हे सिद्धक्षेत्र असल्याने वर गोंगाटही नसतो, आणि तशी शांतता पाहुण्यांनीही राखायला हवी.

तेव्हा पाय धड असतील आणि एकच दिवस हाताशी असेल, तर माझा कल तुंगीकडे आहे. मांगीवर लेणी अधिक आहेत, परंतु खडकासाठीच जात असाल तर खिंडीतून आधी तुंगीची वाट धरावी आणि दम उरला तर मांगी करावी. पायथ्यापासून उजाडताच चढायला लागावे, माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, आणि कड्याला आग्या मोहोळे दिसली तर त्यांच्याखाली थांबू नये. माझ्या आईला मात्र मी यंदा दिवाळीनंतर तोरणमाळलाच नेणार आहे. तिला पायऱ्या झेपणार नाहीत, आणि पाणी नसले तरी काठावर बसून कळण्याची भाकरी खाताना दरी तळापर्यंत दिसावी, एवढीच तिची इच्छा आहे.