लेहला मोटारसायकलने : श्रीनगरमार्गे जावे की मनालीमार्गे?

नाशिकहून लेहला मोटारसायकलवर जायचे ठरले की पहिला वाद मार्गावरून होतो आणि तो बहुधा खिंडींच्या उंचीवर येऊन अडतो. मनालीमार्गे बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर), लाचुंग ला (पाच हजारांच्या किंचित वर) आणि तांगलांग ला (५,३२८ मीटर) ओलांडाव्या लागतात. श्रीनगरमार्गे झोजी ला ३,५२८ मीटरवर, तर सर्वांत उंच फोतु ला ४,१०८ मीटरवर आहे. अंतर दोन्हीकडून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासच भरते. मात्र खिंडीत आपण फोटोपुरते दहा-पंधरा मिनिटे थांबतो. डोके धरते ते मुक्कामाच्या उंचीमुळे. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर खिंडींऐवजी रात्रींची करावी.

श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या साल्हेरच्या माथ्याएवढे. तिथून दुसरा मुक्काम कारगिलला (सुमारे २,७०० मीटर) आणि तिसरा लामायुरूला किंवा थेट लेहला (सुमारे ३,५०० मीटर) पडतो. शरीराला रोज थोडे अधिक मागितले जाते आणि ते बहुतेकांना झेपते. मनालीच मुळी कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा चढ टळला, ही सोय खरीच. पण तिच्यामुळे सकाळी मनाली सोडलेला माणूस दुपारीच केलाँगच्या पुढे असतो आणि ‘अजून उजेड आहे’ म्हणत सरचूपर्यंत रेटतो. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. एका दिवसात झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून अधिक वाढवणे म्हणजे त्रासाला आमंत्रण देणे होय.

पहिल्या खेपेस आम्ही नेमके हेच केले. रात्री तंबूत बुटाची नाडी सोडायला वाकलो, तर धाप लागली. पुढ्यातल्या गरम खिचडीचा वाससुद्धा नको झाला, आणि सोबतचा एकजण पहाटेपर्यंत बसूनच होता, कारण आडवे झाले की त्याला गुदमरायचे. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणे हाच असतो, आणि सरचूची अडचण अशी, की तिथून कोणत्याही बाजूला खाली जायचे तर आधी आणखी वर चढावे लागते : मागे बारालाचा आणि पुढे गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवरून नकी ला व लाचुंग ला. श्रीनगरच्या रस्त्यावर फोतु ला ओलांडली की खालची सिंधूची दरी तासाभराच्या अंतरावर असते.

रस्त्याचा विचार केला तर झोजी ला ठेंगणी असली तरी गरीब नाही. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला असला, तरी झोजी लाच्या बोगद्याचे काम चालू आहे. तोवर मोटारसायकलला वरच्या रस्त्यावरूनच, चिखल आणि ट्रकांमधून जावे लागते. पावसाळ्यात पेठ रस्त्यावरच्या सावळघाटात चाक घसरण्याचा अनुभव घेतलेल्याने इथे बाजूच्या दरीची भर घालून कल्पना करावी. वाहतूक पुष्कळदा एकेरी सोडतात, म्हणून वेळ आदल्या संध्याकाळीच सोनमर्गला विचारून ठेवावी. मनालीच्या बाजूला डांबर एकंदरीत बरे आहे, परंतु रस्त्यावरून वाहणारे नाले फसवतात. नाशिकला गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज घेणाऱ्या आपल्या लोकांना पाणी पावसाने चढते हे ठाऊक असते. तिथे ते उन्हाने चढते. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला बर्फ वितळल्यामुळे दुपारी गुडघ्याला लागतो आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. तो पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न दाबता, दोन्ही पाय मोकळे ठेवून पार करावा.

पेट्रोलच्या बाबतीत श्रीनगरमार्गाला काळजी नाही. मनालीमार्गे मात्र केलाँगच्या अलीकडच्या तांडीच्या पंपानंतर लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरची तजवीज सोबत हवी. विरळ हवेत चढावर गाडी लिटरला अठ्ठावीस किलोमीटरच देईल असे धरले, तरी तेरा लिटरची टाकी कशीबशी पुरते. म्हणून पाच लिटरचा कॅन बांधावाच. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही. गटातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड असावे.

जुलै-ऑगस्टमध्ये मंडी-कुलू पट्ट्यात दरडी कोसळतात, तर अमरनाथ यात्रेच्या काळात बालटालकडे गर्दी आणि बंदोबस्त असतो. दोन्हींच्या दृष्टीने सप्टेंबर उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मनालीचा विचार सोडावा. सरचूचे तंबू तोवर उठलेले असतात. शिंकू ला ओलांडून पदुममार्गे जाणारा तिसरा रस्ताही आता आहे, पण पहिल्या खेपेला तो नको.

माझे मत असे, की जाताना श्रीनगर धरावे, लेहला दोन रात्री काढाव्यात आणि परतताना मनालीकडून उतरावे. तोवर अंगाला उंचीची सवय झालेली असते आणि सरचूला न थांबता खाली केलाँगजवळचे जिस्पा गाठता येते. वेळ अपुरा असल्याने एकच बाजू करायची असेल, तर श्रीनगर. नाशिकच्या द्वारका चौकातून जाणाऱ्या आपल्या मुंबई-आग्रा रस्त्याचा जुना ‘राष्ट्रीय महामार्ग ३’ हा क्रमांक आता अटारी-मनाली-लेह रस्त्याला मिळाला आहे, या योगायोगाचे ज्याला अप्रूप वाटते त्याला तो परतीच्या वाटेवरही भेटेलच.

नाशिकपासून सगळे अंतर चालवत जाण्याचा हट्ट असेल, तर एकेका बाजूला तीन-चार दिवस मैदानातच जातात. त्यापेक्षा गाडी रेल्वेने पुढे पाठवावी : टाकी रिकामी करून, आरसीची प्रत जोडून आणि आरसे काढून. झेलम एक्स्प्रेस मनमाडवरून जम्मूकडे जाते. मात्र गाडी मनमाडला चढवता येईल की नाही, हे तिकीट काढण्याआधी पार्सल कार्यालयात समक्ष जाऊन विचारावे.