पैशाचा केमिस्ट्री डेटाबेस: चांगला आहे, पण तो लॉगआउट!

पदार्थ आणि रिॲक्शन शोधायचा हा डेटाबेस, पण थोडा वेळ माउस हलला नाही की हा गडी बाहेर काढतो. लॅबमधला माणूस टीएलसी (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारी प्लेट) बघायला उठणारच ना? प्लेट बघून परत यावं तर शोधासाठी अर्धवट काढलेलं स्ट्रक्चर गायब. चार रिंगा, दोन कायरल सेंटर, सगळं पुन्हा. त्यात लॉगिन मोजकी, तोवर आपली जागा दुसऱ्याने पटकावलेली. तक्रार केली तर उत्तर आलं, 'सुरक्षेसाठी'. कुणाच्या, माझ्या बेंझिन रिंगच्या? आता स्ट्रक्चर बाहेर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, मोल फाइल (स्ट्रक्चर साठवायची फाइल) सेव्ह करतो आणि तीच चढवतो. एवढे पैसे घेऊन ही तऱ्हा. नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळेल.

वैतागून मध्ये काही आठवडे फुकटच्यावरच काढले. पदार्थ शोधायला पैसे का मोजायचे, हे खरंच कळेना. पबकेम या फुकटच्या डेटाबेसमध्ये 11 कोटींहून जास्त संयुगं. कॅस नंबर, म्हणजे पदार्थाचा ओळख क्रमांक, पडताळायला तो देणाऱ्या खुद्द कॅस संस्थेचं कॉमन केमिस्ट्री फुकट, त्यात सुमारे 5 लाख पदार्थ. आयब्युप्रोफेनचं रेसमेट (आरशातल्या दोन्ही रूपांचं समान मिश्रण) 15687-27-1, नुसतं एस रूप 51146-56-6; सप्लायरने कोटेशन नेमकं कशाचं दिलंय ते तिथेच कळतं. आणि इनचायकी, म्हणजे स्ट्रक्चरवरून बनणारी अक्षरांची खूण, तर लाजवाब. पहिली 14 अक्षरं फक्त सांगाड्याची, तेवढ्यावर शोधलं की सगळे स्टिरिओआयसोमर (सांगाडा तोच, अवकाशातली मांडणी वेगळी) एका जागी.

रिॲक्शनपाशी मात्र गाडी अडली. रिंगवरचा क्लोरीन सांभाळून नायट्रोचं अमाइन करायचं होतं. पॅलेडियम-कार्बन या उत्प्रेरकावर हायड्रोजन सोडला तर क्लोरीनही उडायची धास्ती. ऑरगॅनिक सिंथेसेस हे कृतींचं प्रकाशन उघडलं. 1921 पासूनचं, प्रत्येक कृती दुसऱ्या लॅबमध्ये करून बघितल्याशिवाय छापत नाहीत, सोनं आहे. पण आपल्याला हवी ती रिॲक्शन त्यात असेलच असं नाही. मग गूगल पेटंट्समध्ये उदाहरणं वाचत बसलो, दुपार गेली. पैशाच्यात सुरुवातीचा पदार्थ आणि प्रॉडक्ट काढून मधे बाण टाकला, आणि लोखंड-अमोनियम क्लोराइडपासून प्लॅटिनमपर्यंतच्या कंडिशन्स यील्डसकट (किती टक्के प्रॉडक्ट मिळालं त्यासकट) समोर. पैसे कशाचे ते इथे मुकाट्याने मान्य केलं. एक सांभाळा: यील्डचा फिल्टर लावला की ज्या नोंदींत यील्ड दिलेलंच नाही त्याही गळतात, आणि कामाची नोंद कधी कधी त्यातच असते.

रिन्यूअलचं बिल आलंय. साहेबांना लिहून दिलं, घ्या, पण लॉगिन एकच, तेही रिॲक्शनपुरतं. उकळबिंदू बघायला कुणी त्यात शिरलं तर सगळ्यांचा चहा त्याच्याकडून.