जुन्या सोल रेकॉर्डी विकणाऱ्यांनो, लेबलचे फोटो पाठवण्याआधी हे वाचा

ठाणे, मुलुंड आणि नवी मुंबईत जुन्या इंग्रजी, त्यातही सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या संगीताचा एक प्रकार) रेकॉर्डी विकणाऱ्यांकडे सध्या एक जोडी फिरते आहे. एक साठीचे गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर पंचविशीतला मुलगा. ते खोटा यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवत नाहीत, ओटीपी मागत नाहीत, पैसे बुडवत नाहीत. तुमच्या घरी बसून, चहा पीत, तुमच्या डोळ्यांदेखत अस्सल रेकॉर्ड नेतात आणि तिच्या जागी हुबेहूब दिसणारी नकली ठेवून जातात. माझ्याकडे हे झालं, नेरुळच्या एका संग्राहकांकडे झालं. आणखी कुणाच्या कपाटात अशी नकली पडून असेल आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

आमच्या घरात या रेकॉर्डी आल्या त्या मामामुळे. मामा बोटीवर होता, इंजिन रूममध्ये. बोट कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदराला लागली की तो तिथून अमेरिकन सिंगल्स, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डी, घेऊन यायचा. न खपलेल्या, कंपनीनं बाजारातून काढून टाकलेल्या, लेबलमधून ड्रिलनं बारीक भोक पाडलेल्या. त्या अगदी स्वस्तात मिळत. गायक कोण, कुठला, हे मामाला ठाऊक नसायचं. आवाज आवडला की झालं. लेबलवर निळ्या बॉलपेननं बंदराचं पहिलं अक्षर लिहायची त्याला सवय होती. लाँग बीचच्या सगळ्या रेकॉर्डींवर त्याच्या हातचा छोटासा ‘लाँ’ आहे. तो गेल्यावर ते खोके माझ्याकडे आले. मी त्या ऐकते, धुते, ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशीपासून जपते, दोन-दोन असतील त्यातली एक विकते आणि आलेल्या पैशांतून दुसऱ्या घेते.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांना प्रश्न पडेल की एका सात इंची प्लास्टिकच्या तबकडीसाठी कुणी एवढा उपद्व्याप का करेल. कारण असं आहे. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये जी रेकॉर्ड कंपनी काढली ती पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली. तिचं यश पाहून अमेरिकेतल्या शेकडो लहान कंपन्यांनी त्याच ढंगाची गाणी काढली. बहुतेक आपटली. काहींच्या तर मोजक्याच प्रती बाहेर पडल्या. पुढे १९७० च्या दशकात उत्तर इंग्लंडमध्ये नेमक्या या आपटलेल्या गाण्यांवर रात्रभर नाचायची लाट आली. विगन कसिनो हे तिचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण, १९७३ ते १९८१ चाललं. तिथल्या डीजेंची चढाओढ अशी की दुसऱ्याला गाणं सापडू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून गायकाचं भलतंच नाव सांगायचे. जी रेकॉर्ड खपलीच नव्हती, तीच दुर्मिळ ठरली. फ्रँक विल्सन यांची मोटाउनच्याच एका उपलेबलवरची (लेबल म्हणजे इथे कागद नव्हे, कंपनीचं नाव) १९६५ ची सिंगल बाजारात येण्याआधीच रद्द झाली, प्रती नष्ट केल्या गेल्या. वाचलेल्यांपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली.

आणि इथेच नकलीचा उगम आहे. मागणी प्रचंड आणि प्रती नाहीत, म्हटल्यावर १९७० च्या दशकातच बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या नकली प्रती, छापले गेले. फ्रँक विल्सन यांचं तेच गाणं इंग्लंडमधल्या नाचणाऱ्यांनी आधी एका बूटलेगवर, एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावानं ऐकलं होतं. काही बूटलेगची लेबलं वेगळी असतात, काहींची मूळ लेबलाची थेट नक्कल असते. म्हणजे आज तुमच्या हातात येणारी नकलीसुद्धा पन्नास वर्षांची असू शकते. कागद पिवळा, कव्हर मळकं, वास जुन्या कपाटाचा. ‘जुनी दिसते म्हणजे खरी’ हा हिशोब इथे चालत नाही, आणि या जोडीचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे. मूळ प्रत ज्या किमतीला जाते तिच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत बूटलेग मिळतो.

माझ्याकडची जी गेली ती लॉस एंजेलिसच्या एका लहान लेबलची, १९६० च्या दशकाच्या मध्यातली सिंगल. अशा प्रती परदेशात कितीला गेल्या ते बघून मी ६०,००० रुपये सांगितले होते. गाण्याचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रार चालू आहे आणि ते नाव वाचून कुणी ती घाईनं दुसरीकडे खपवावी असं मला वाटत नाही.

गृहस्थांचा फोन आला तेव्हा बोलणं अगदी दर्दी माणसाचं होतं. “ताई, डेमो आहे की स्टॉक कॉपी?” हा त्यांचा पहिला प्रश्न, म्हणजे रेडिओवाल्यांना पाठवलेली प्रत की दुकानात विकायची. मग लेबलाचा कुठला रंग आधीचा आणि कुठला नंतरचा, गायिका आधी कुठल्या ग्रुपमध्ये होती, सगळं बिनचूक. मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउस हे रेकॉर्डींचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं त्याबद्दल इतक्या मनापासून हळहळले की मीही बराच वेळ बोलत राहिले. फोटो मागितले. विकणारा प्रत्येक जण फोटो पाठवतोच, मीही पाठवले. त्यांना मात्र ते विशिष्ट प्रकारे हवे होते: दोन्ही लेबलं बरोबर वरून, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. ड्रिलच्या भोकाचा वेगळा क्लोजअप. पेनानं लिहिलेल्या अक्षराचा वेगळा. “डोळ्यांचा त्रास आहे हो, मोठं करून बघतो,” म्हणाले. लेबल आणि शेवटची खोबण यांच्यामधल्या गाणं नसलेल्या पट्टीचा, जिच्यावर कारखान्याच्या खुणा असतात आणि जिला आम्ही डेड वॅक्स म्हणतो, फोटो काही त्यांनी मागितला नाही. त्यानंतर बरेच दिवस काही बोलले नाहीत आणि मग एका शनिवारी दुपारी येतो म्हणाले.

मधले ते दिवस कशासाठी हवे होते हे आता कळतं. त्या दिवसांत कुठेतरी एका बूटलेगच्या लेबलला माझ्या रेकॉर्डच्या मापानं, त्याच जागी, भोक पाडलं गेलं आणि मामाच्या अक्षराची नक्कल केली गेली.

ठाण्यात घंटाळीला आमच्या घरी दोघं आले तेव्हा माझा नवरा घरीच होता. गृहस्थ कपाटापाशी उभे राहून एकेक एलपी बाहेर काढून दाखवत होते, आठवणी सांगत होते. मुलगा प्लेअरजवळ बसला. अमेरिकन सिंगलचं मधलं भोक दीड इंचाचं असतं, त्यात अडाप्टर बसवावा लागतो. तो काढणं, घालणं, रेकॉर्ड कडेला धरून कव्हरमध्ये सरकवणं हे सगळं तो इतक्या अदबीनं करत होता की बघणाऱ्याला बरं वाटावं. मांडीवर त्याची कापडी पिशवी होती, त्यांच्याही दोन-चार सिंगल्स होत्या, “आवाज ताडून बघतो” म्हणून आणलेल्या. माझी रेकॉर्ड वाजली, उलटी बाजू वाजली, उतरली. त्याच वेळी गृहस्थांनी मला हाक मारली, “ताई, ही बघा, ही तुमच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं!” आणि एक एलपी माझ्या हातात दिली. एवढाच वेळ पुरला असणार. मग भावाची घासाघीस झाली, जमलं नाही, “विचार करून कळवतो” म्हणाले. जाताना एक साधी एलपी ६०० रुपये रोख देऊन घेऊन गेले. खरेदी करून गेलेल्या माणसावर संशय कोण घेणार?

उघडकीला आलं ते बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यानं विकत घेण्याआधी डेड वॅक्सचा फोटो मागितला. मी रेकॉर्ड काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि हातातच फरक जाणवला. माझी प्रत स्टायरिन या प्लास्टिकची होती. स्टायरिनची सिंगल कडक असते, वाकत नाही, नखानं टिचकी मारली तर खणखणीत टक् असा आवाज येतो. लेबल वरून गोंदानं चिकटवलेलं असतं, त्याची कड कुठेतरी सुटलेली दिसते. हातातली तबकडी बोटाच्या दाबानं लवत होती आणि लेबल प्लास्टिकमध्ये दाबून एकजीव झालेलं होतं. हे व्हिनाइल, म्हणजे दुसरंच, लवचीक प्लास्टिक. मग मोबाइलचा टॉर्च लावून डेड वॅक्स वाचलं. माझी प्रत लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली. त्यांच्या प्रतींवर वर्तुळात ‘एमआर’ असा बारीक ठसा असतो आणि त्रिकोणाची खूण करून पुढे एक आकडा कोरलेला असतो. इथे ठसा नव्हताच. त्रिकोण होता, पण आकड्यातला शेवटचा अंक वेगळा आणि सगळं कुणीतरी घाईत ओरखडल्यासारखं. वाजवून पाहिली तर सुरुवातीलाच तीन ठिकाणी खट् खट् आवाज. त्या जागी खोबणीत साधा ओरखडाही नाही. बूटलेग दुसऱ्या वापरलेल्या रेकॉर्डवरून उतरवलेला असतो, त्या रेकॉर्डचे चरे आवाजासकट यात छापले जातात.

शेवटी मामाचं अक्षर बघितलं. आकार तोच, तिरकेपणा तोच. मामाची शाई मात्र इतक्या वर्षांत फिकी होऊन कागदात मुरली होती. ही वर बसली होती आणि ओलं बोट फिरवल्यावर पसरली. पैशांचं नुकसान मी समजू शकते. पण माझ्या मामाचं हस्ताक्षर गिरवून कुणी माझ्याच घरात ठेवून जावं, याचा राग अजून गेलेला नाही.

त्यांचा नंबर बंद होता. सोसायटीच्या गेटवर लिहिलेला नंबर तिसराच निघाला. सीसीटीव्हीत मात्र दोघं आहेत, येतानाही आणि जातानाही. पोलिसांकडे अर्ज दिला, त्यात चोरी आणि फसवणूक या दोन्हींचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेतल्या कलम ३०३ आणि ३१८ चा उल्लेख केला. अर्जाला बळ आलं ते दोन गोष्टींमुळे. माझ्याकडे अस्सल प्रतीच्या डेड वॅक्सचे जुने, तारखेसह फोटो होते, आणि तशाच प्रती परदेशी लिलावात कितीला गेल्या त्याच्या प्रिंट होत्या. ‘माझी रेकॉर्ड बदलली’ असं नुसतं सांगून कुणालाही काही कळणार नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं.

नेरुळच्या गृहस्थांशी गाठ पडली ती माझ्या ओळखीच्या एका रेकॉर्डवाल्यामुळे. त्यांच्याकडून मेम्फिसच्या एका लेबलची सिंगल गेली, पद्धत तीच: आधी लेबलचे फोटो, मग मोठा खंड, मग दोघं, मग किरकोळ खरेदी. एक अडचण लक्षात ठेवा. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, त्यामुळे इकडची तक्रार तिकडे आपोआप जोडली जाईल असं धरून चालू नका. आम्ही दोघांनी एकमेकांच्या अर्जाची प्रत आपापल्या अर्जाला जोडली आहे.

आता माझ्याकडे जे बदललं ते सांगते, उपयोग होईल. अनोळखी माणसाला लेबलचा फोटो पाठवताना भोक, शाई, फाटलेली कड यांपैकी एक तरी खूण मी अंगठ्याखाली झाकते. ती फक्त समोर आल्यावर बघायची. डेड वॅक्सचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवते, ते मात्र जगजाहीर करत नाही. महागातली प्रत्येक सिंगल किचनमधल्या डिजिटल काट्यावर तोलून ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवलं आहे, कारण वेगळ्या कारखान्यातली, वेगळ्या प्लास्टिकची तबकडी बहुतेक वेळा वजनात पकडली जाते. रेकॉर्ड प्लेअरवर मी ठेवणार, मीच उतरवणार, आणि ती कव्हरमध्ये जाईपर्यंत दुसरी कुठलीही रेकॉर्ड टेबलावर असणार नाही. जो खरा संग्राहक आहे त्याला याचं वाईट वाटत नाही. तो स्वतःही असंच करतो. पाहुणे गेल्यावर लगेच, त्याच दिवशी, प्रत्येक हाताळलेली रेकॉर्ड टॉर्चखाली बघायची. कुरिअरनं पाठवत असाल तर पॅक करताना व्हिडिओत डेड वॅक्स वाचता येईल असं धरा, कारण परत आलेल्या पार्सलमध्येही हाच खेळ होऊ शकतो.

विकत घेणाऱ्यांसाठीही एक विनंती. माझी प्रत कुठेतरी विक्रीला येणारच. स्टायरिन, मोनार्कचा ठसा, लेबलच्या डाव्या बाजूला ड्रिलचं भोक, उलट्या बाजूच्या लेबलवर फिक्या निळ्या शाईत ‘लाँ’. कदाचित ते अक्षर खरवडलेलं किंवा वर स्टिकर लावलेलं असेल. अशी कुठलीही सिंगल समोर आली तर पैसे देऊ नका, विकणाऱ्याशी वाद घालू नका, दोन्ही लेबलचे आणि डेड वॅक्सचे फोटो मागून घ्या आणि ते नंबरासकट जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. आणि ज्यांच्याकडे ही जोडी येऊन गेली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ती रेकॉर्ड बाहेर काढून हलकेच वाकवून बघा.