मॅकमधील ‘गेस्ट युजर’: खुणा पुसण्यात चोख, इंटरनेटला कुंपण घालण्यात अपुरी

घरात सर्वांमध्ये मिळून एकच संगणक असतो आणि आलेल्या पाहुण्याला त्यावर थोडा वेळ इंटरनेट द्यायचे असते, तेव्हा घरच्यांना दोन गोष्टींची खात्री हवी असते. पाहुण्याच्या नजरेला आपली कागदपत्रे, ईमेल आणि साठवलेले पासवर्ड पडू नयेत, ही पहिली. आणि इंटरनेटवर त्याने कुठवर जावे याला काही मर्यादा असावी, ही दुसरी. तिसरी गोष्ट पाहुण्याच्या हिताची आहे आणि तिचा विचार फार थोडे जण करतात. त्याने उघडलेले बँकेचे खाते, एखाद्या आजाराविषयी केलेला शोध, डाउनलोड केलेला अर्ज यांपैकी काहीही तो गेल्यानंतर दुसऱ्यांच्या संगणकावर उरू नये. अॅपलच्या मॅक संगणकांमधील ‘गेस्ट युजर’ या सोयीची मी याच तीन बाजूंनी पारख केली आहे. पहिल्या आणि तिसऱ्या बाबतीत ती निःसंशय चांगली आहे, दुसऱ्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

ही सोय सुरू करणे सोपे आहे. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘युजर्स अँड ग्रुप्स’ उघडून ‘गेस्ट युजर’च्या शेजारच्या माहितीच्या बटणावर क्लिक केले की पाहुण्याला लॉगिनची परवानगी देण्याचा पर्याय दिसतो, त्याच्यासोबत प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांना आळा घालण्याचा पर्याय असतो, आणि पाहुण्यांना शेअर केलेले फोल्डर उघडू देण्याचा आणखी एक पर्याय असतो. या शेवटच्या पर्यायाचा समोर बसलेल्या पाहुण्याशी संबंध नाही. घरच्या नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून कोणालाही पासवर्डशिवाय ते फोल्डर गाठता यावेत यासाठी तो आहे, त्यामुळे नेमके कारण नसेल तर तो बंदच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष वापर समाधानकारक आहे. पाहुण्याला पासवर्ड लागत नाही. लॉगिनच्या पडद्यावर ‘गेस्ट युजर’ निवडले की कोरा डेस्कटॉप आणि कोरा ब्राउझर समोर येतो. त्यात कोणाचे बुकमार्क नसतात, कोणाच्या मेलचा इनबॉक्स चुकूनही उघडत नाही, आणि संगणकाची किंवा इतर खात्यांची सेटिंग्ज पाहुण्याला बदलता येत नाहीत. एखादा अर्ज भरायचा असेल तर तो डाउनलोड करावा, भरावा, संकेतस्थळावर चढवावा, एवढे काम विनासायास होते. लॉग आउट करताना या खात्याच्या होम फोल्डरमधील सगळ्या फायली नष्ट होतील अशी सूचना पडद्यावर येते आणि होकार दिला की डाउनलोड, ब्राउझिंगचा इतिहास आणि कुकीज सगळे एकदम जाते. पाहुण्याला भरलेल्या अर्जाची प्रत हवी असेल तर ती लॉग आउट करण्याआधीच पेनड्राइव्हवर घ्यावी किंवा स्वतःला मेल करावी, हे त्याला बसण्यापूर्वीच सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण नंतर ती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

या पुसून टाकण्यावर आज विश्वास ठेवता येतो, पण जुन्या वापरकर्त्यांच्या मनात शंका असेल तर तिला आधार आहे. २००९ साली मॅकच्या प्रणालीच्या स्नो लेपर्ड या आवृत्तीत असा दोष आढळला होता, की गेस्ट खात्यात जाऊन परत आल्यावर काही वेळा मूळ वापरकर्त्याचाच डेटा नाहीसा होत असे. अॅपलने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १०.६.२ या अद्ययावत आवृत्तीत तो दुरुस्त केला. मात्र गेस्ट खाते सुरू करण्यापूर्वी टाइम मशीनचा, म्हणजे मॅकमधल्याच बॅकअपच्या सोयीचा, बॅकअप असावा हा आग्रह मी अजूनही धरतो, आणि तो गेस्ट खाते नसले तरीही धरावा.

आता खरा प्रश्न मर्यादेचा. पूर्वीच्या मॅकमध्ये गेस्ट खात्याला ‘पेरेंटल कंट्रोल्स’, म्हणजे पालकांसाठीचे निर्बंध, लावता येत आणि ठरावीक संकेतस्थळांपुरतीच परवानगी देता येत असे. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ‘पेरेंटल कंट्रोल्स’ची जागा वापराची वेळ आणि मजकूर यांवर मर्यादा घालणाऱ्या ‘स्क्रीन टाइम’ने घेतली आणि गेस्ट खात्याच्या वाट्याला प्रौढ संकेतस्थळे रोखणारा तो एकच पर्याय उरला. तो चालू किंवा बंद करता येतो. त्यात आपली यादी जोडता येत नाही, वेळेचे बंधन घालता येत नाही, फक्त तिकीट आरक्षणाचे किंवा एखाद्या परीक्षेचे संकेतस्थळ उघडेल आणि बाकी काही नाही अशी व्यवस्था करता येत नाही. शेजारचे मूल तासाभरासाठी संगणकावर बसणार असेल तर घरच्यांना नेमकी हीच व्यवस्था हवी असते, आणि असलेली सोय काढून घेतली गेली याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यावर एक पर्याय आहे. पाहुण्यांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते तयार करावे, त्यात स्क्रीन टाइम सुरू करून त्याला स्वतंत्र पासकोड द्यावा आणि ‘फक्त परवानगी दिलेली संकेतस्थळे’ हा पर्याय निवडून हवी ती यादी भरावी. कुंपण पक्के होते, वेळही ठरवता येते. पण हे खाते आपोआप पुसले जात नाही. एका पाहुण्याचा इतिहास, त्याचे उघडे राहिलेले लॉगिन आणि त्याची कागदपत्रे पुढच्याला दिसू शकतात, म्हणून दर वेळी कोणीतरी लक्षात ठेवून साफसफाई करावी लागते. दोन्ही गुण एकाच खात्यात मिळत नाहीत, हीच या सोयीची मोठी उणीव आहे.

फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्कचे एन्क्रिप्शन, चालू असेल तर चित्र आणखी बदलते. तेव्हा पाहुण्याला फक्त सफारी ब्राउझर मिळतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कपर्यंत त्याला पोहोचता येत नाही आणि कोणतीही फाइल तयार करता येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे आणि नुसती माहिती पाहायची असेल तर पुरेशी आहे, पण वर सांगितलेला अर्ज डाउनलोड करून भरण्याचे काम तिथे अडते. तेवढ्यासाठी फाइलव्हॉल्ट बंद करू नये. तशा कामासाठी स्टँडर्ड खाते वापरावे.

इतर प्रणालींशी तुलना केली तर मॅकचे पारडे जड ठरते. विंडोजने २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर वापरण्याजोगे गेस्ट खाते काढून टाकले. तिथे स्टँडर्ड खाते करावे लागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘फॅमिली सेफ्टी’चे संकेतस्थळ-नियंत्रण हवे असेल तर त्या व्यक्तीचे मायक्रोसॉफ्ट खाते कुटुंब-गटात असावे लागते, जे दोन तासांच्या पाहुण्यासाठी व्यवहार्य नाही. क्रोमबुकवर गेस्ट म्हणून ब्राउझिंग झटपट सुरू होते आणि बाहेर पडताच पुसलेही जाते, परंतु मुलांच्या खात्याला लावलेले गूगलच्या ‘फॅमिली लिंक’चे निर्बंध तिथे लागू होत नाहीत, घरात मुले असतील तर मालकाने हा गेस्ट मार्ग सेटिंगमधून बंद केलेला बरा. उबंटू या लिनक्स प्रणालीतले गेस्ट सत्र सुरक्षेतील त्रुटीमुळे २०१७ मध्ये बंद झाले. मात्र लिनक्समध्ये एक गोष्ट अशी आहे जी इतरत्र इतक्या सरळपणे मिळत नाही: फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा रोखणाऱ्या यंत्रणेचा, नियम विशिष्ट वापरकर्त्यापुरता लिहिता येतो, त्यामुळे पाहुण्याच्या खात्यातून बाहेर जाणारी जोडणी ठरावीक पत्त्यांपुरती ठेवता येते आणि घरच्यांच्या खात्यांना धक्काही लागत नाही. आयपीटेबल्स या असे नियम लिहिण्याच्या साधनाची ओळख असलेल्याने हा मार्ग जरूर घ्यावा.

मॅकवर गेस्ट खातेच ठेवायचे असेल तर त्याला राउटरवरून डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची, जोड द्यावी, अशी माझी शिफारस आहे. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीने एप्रिल २०२० मध्ये सुरू केलेली कुटुंबांसाठीची सेवा १.१.१.३ या पत्त्यावर मिळते आणि ती घातक तसेच प्रौढ संकेतस्थळांचे पत्ते शोधूच देत नाही. हा पत्ता राउटरमध्ये टाकला की निर्बंध त्या राउटरवरून डीएनएस घेणाऱ्या घरातल्या सर्वच उपकरणांना लागू होतो, म्हणून घरच्यांशी आधी बोलून घ्यावे. फायरफॉक्स किंवा क्रोम यांसारख्या ब्राउझरमध्ये स्वतंत्र ‘सुरक्षित डीएनएस’ निवडण्याची सोय असते आणि जाणकार पाहुणा तिच्या मदतीने हा अडसर ओलांडू शकतो. सफारी मात्र नेहमीच्या (‘प्रायव्हेट’ नसलेल्या) विंडोत संगणकाला मिळालेलाच डीएनएस वापरतो, त्यामुळे फाइलव्हॉल्ट चालू असलेल्या मॅकवर, जिथे पाहुण्याला सफारीखेरीज काहीच मिळत नाही, ही जोड सर्वांत नीट काम करते.